तेरातली दहा

(रविवारची दुपार. मेक्सिको शहरातला ला लागुनियाचा जुना बाजार, आणि त्यात ओब्दुलियाबाईंचा नाण्यांचा ठेला. समोर लग्नाचा काळा कोट घालून घामाघूम झालेला फिदेन्सिओ उभा आहे. वय सत्तर, बसचालक म्हणून निवृत्त, आवाज मात्र अजून भर रस्त्यातला. बायको आम्पारो फिती घ्यायला पलीकडच्या गल्लीत गेली तसा हा पठ्ठ्या तिच्या पिशवीतून एक कापडी थैली काढून इकडे सटकला. गेली दहा मिनिटं हुज्जत चालू आहे.)

ओब्दुलिया: शेवटचं सांगते, दादा, कागदबिगद मी देत नसते. थैली बांधली आहे तशी न्या, नातीचं लग्न लावा, पोटभर जेवा आणि सुखानं झोपा.

फिदेन्सिओ: आणि मी पण शेवटचं सांगतो, बाई. कागद मिळाल्याशिवाय मी इथून हलत नाही. लग्न पाचला, आत्ता वाजलेत साडेबारा. छत्तीस वर्षं तोलुकाची बस चालवलीय मी, एका जागी बसायची सवय आहे मला.

ओब्दुलिया: बसा की मग. त्या पेटीवर नको, आत काचसामान आहे. हां, त्या स्टुलावर.

फिदेन्सिओ: बसलो. आता ऐका. आज माझी नात मारिक्रूस उभी राहणार पाद्रीबाबांपुढे. नवरा तिच्या ओंजळीत तेरा नाणी ओतणार. ती कुणाची? माझ्या आजोबांची! एकोणीसशे तीनचे चांदीचे पेसो, दर हजारात नऊशे दोन भाग चांदी. आजच्यासारखे डब्याचे पत्रे नव्हेत.

ओब्दुलिया: तेरा नाणी म्हणजे काय ते मला शिकवता? निम्म्या शहराची लग्नं या ठेल्यावरून लागलीत.

फिदेन्सिओ: मग तुम्हाला कळेलच माझी तळमळ. गेल्या रविवारी दोन्ही घरं जेवायला बसली होती. नवऱ्यामुलाची आजी आहे ना, ती पेर्पेतुआबाई, तिनं मखमलीची एक डबी काढली. आत तेरा चकत्या, सोन्याचं पाणी दिलेल्या. म्हणते कशी, ‘तुमची जुनी नाणी राहू द्या घरी, काळवंडलेली दिसतात, फोटोत बरी येणार नाहीत.’ फोटोत! माझी नुसती तळपायाची आग मस्तकात गेली.

ओब्दुलिया: मग काय बोलून बसलात?

फिदेन्सिओ: बसलात म्हणजे? ठणकावून सांगितलं! चाळीस माणसांसमोर उभा राहून म्हणालो, आमच्या थैलीत तेराच्या तेरा नाणी नऊशे दोनची आहेत. जाणकाराकडून लिहून आणतो. एक जरी कमी कसाचं निघालं, तर आमची थैली घरी ठेवीन, तुमची डबी ओता, आणि पुन्हा म्हणून तोंड उघडणार नाही.

ओब्दुलिया: अरे देवा.

फिदेन्सिओ: देवाला कशाला मध्ये ओढता? सरळ थैली सोडा, मोजा, लिहा. आणि हो, जरा लिंबू फिरवून चकचकीत करून मिळतील का?

ओब्दुलिया: लिंबू? हात तोडून ठेवीन! जुन्या चांदीला लिंबू लावतं का कुणी? तो काळा रंग तिचा मान आहे. घासलेलं नाणं म्हणजे नुसता धातू, मग ते भंगारवाल्याला तोळ्यावर घालायचं. असले उपद्व्याप करून माणसं येतात आणि इथं बसून डोळे पुसतात.

फिदेन्सिओ: बरं, नका लावू लिंबू. ओरडता काय? माझी बायको सुद्धा एवढं ओरडत नाही.

ओब्दुलिया: तिला विचारलंत का, थैली इथं आणताना?

फिदेन्सिओ: तिला काय विचारायचं? ती म्हणाली असती, ‘राहू दे, म्हाताऱ्या, कशाला उगाच वाद.’ पन्नास वर्षं ती थैली तिच्या कपाटात आहे. एकदा हात लावू दिला असेल तर शपथ.

ओब्दुलिया: तिनं सांभाळलीय ना, मग तिलाच येऊ द्या.

फिदेन्सिओ: अहो बाई, तुम्हाला झालंय तरी काय? गिऱ्हाईक समोर बसलंय, पैसे द्यायला तयार आहे, आणि तुम्ही थैलीकडे असं बघताय जशी काही आत नागीण आहे. भिता कशाला? सोडा ती गाठ!

ओब्दुलिया: सोडते. पण नंतर मला बोल लावायचा नाही.

फिदेन्सिओ: नाही लावत. सोडा.

ओब्दुलिया: हा माझा संगमरवराचा तुकडा. प्रत्येक नाणं यावर वितीवरून सोडायचं आणि ऐकायचं. वजनकाटा फसेल, कान नाही फसत. हे पहिलं.

फिदेन्सिओ: अहाहा! ऐकलंत? देवळातली घंटा वाजावी तसं. अजून गातंय बघा.

ओब्दुलिया: एकोणीसशे तीन. काठाला छापलंय, नऊशे दोन पूर्णांक सात. खरं आहे. हे दुसरं, तेही खरं. हे तिसरं... खरं.

फिदेन्सिओ: लिहा, लिहा! माझ्या आजोबांनी पाचूकाच्या खाणीत कंबर मोडून कमावलेत. तेव्हा म्हणे आपला पेसो चीनपर्यंत जायचा. तिकडचे व्यापारी इतर कुठल्या नाण्याला हात लावायचे नाहीत.

ओब्दुलिया: जायचा खरा. हे चौथं.

फिदेन्सिओ: हे... जरा वेगळं वाजलं का?

ओब्दुलिया: वेगळं वाजलं.

फिदेन्सिओ: घामट बोटं लागली असतील. पुन्हा टाका.

ओब्दुलिया: पुन्हा तेच वाजेल, दादा. आकार तोच आहे, पण हे शंभर पेसोचं नाणं, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं. यात चांदी सातशे वीस. काठावर आहे बघा, भिंग घ्या.

फिदेन्सिओ: अठ्ठ्याहत्तर? माझ्या आजोबांना जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती!

ओब्दुलिया: हे पण सातशे वीस. हे पण. हे पण. चार झाली. हे आठवं, सत्तेचाळीसचं, पाचशेचं. म्हणजे अर्धी चांदी आणि अर्धी भेसळ. नववं तसंच. आणि ही उरलेली चार... ऐकायची आहेत का?

फिदेन्सिओ: टाका.

ओब्दुलिया: ऐका.

फिदेन्सिओ: हे काय? लाकडावर थाप मारल्यागत!

ओब्दुलिया: शंभरची आहेत. हजारात शंभर चांदी, बाकी तांबं-बिंबं. साठ सालच्या सुमाराची. तेव्हा सरकारनं चांदी अशी पातळ केली की चांदीला सुद्धा कळेना, आपण कुठे आहोत. चारी तशीच.

फिदेन्सिओ: तेरातली तीन. तीनच खरी?

ओब्दुलिया: पाणी प्या. हा घ्या पेला.

फिदेन्सिओ: पाणी नको मला! चोरी झाली! घरात चोर आहे, बाई, माझ्या घरात! चाळीस माणसांसमोर मी छाती ठोकली, आणि मागे... लेओबार्दो! दुसरं कोण? माझा धाकटा. बहात्तर साली त्याच्या लग्नाला थैली दिली होती, दोन दिवस त्याच्याकडे होती. तरीच तो तेव्हा एवढ्या लवकर परत देऊन गेला. चेहरा बघा त्याचा, लहानपणापासून तसाच, लबाड!

ओब्दुलिया: अहो, थांबा. बहात्तर साली अठ्ठ्याहत्तरचं नाणं कुठून आणेल तो?

फिदेन्सिओ: मग नंतर केलं असेल! किल्ली माहीत आहे त्याला! आज मांडवातच धरतो कॉलर. पोरीचा बाप असशील तर असशील, आधी माझा मुलगा आहेस म्हणावं, काढ आजोबांचे दहा पेसो!

ओब्दुलिया: स्वतःच्या पोरीच्या लग्नात धरणार त्याची कॉलर?

फिदेन्सिओ: धरणार! सोडणार नाही!

ओब्दुलिया: मग मला बोलावं लागेल. शब्द दिला होता नाही बोलणार म्हणून, पण तुम्ही निरपराध पोराच्या गळ्याला हात घालायला निघालात. खाली बसा. ही दहा नाणी लेओबार्दोनं नाही नेली. मी विकत घेतली. पहिली दोन माझ्या वडिलांनी घेतली, बाकीची मी.

फिदेन्सिओ: तुम्ही? कुणाकडून?

ओब्दुलिया: थैलीला निळ्या दोऱ्याची शिवण आहे ना, ती कुणाच्या हातची?

फिदेन्सिओ: आम्पारोची.

ओब्दुलिया: झालं तर मग.

फिदेन्सिओ: खोटं. माझी बायको मला न विचारता मीठ सुद्धा बदलत नाही.

ओब्दुलिया: मीठ नसेल बदलत. इथं यायची, थैली सोडायची, एक जुनं नाणं ठेवायची. म्हणायची, ‘चांदीचा आजचा भाव सांगा, आणि जागा भरायला त्याच मापाचं काहीतरी द्या, तेराची बारा व्हायला नकोत.’ घासाघीस अशी करायची की माझे वडील तिच्या पाठीमागे क्रूसाची खूण करायचे.

फिदेन्सिओ: आणि तुम्ही घेतलीत. लाज नाही वाटली?

ओब्दुलिया: रोख पैसे दिले, भावानं दिले. लाज कसली? ऐंशी साली चांदी आभाळाला टेकली तेव्हा मी स्वतः निरोप धाडला होता तिला. म्हटलं, ‘बाई, आजच ये, आठवड्यात धाडकन खाली येणार.’ आली. चार ठेवली. आणि खरंच आली चांदी खाली. तुमच्या बायकोएवढा मोका साधलेला माणूस या बाजारात मी दुसरा पाहिला नाही.

फिदेन्सिओ: कौतुक नका सांगू मला! तुमच्याकडे तसली जुनी आहेत? एकोणीसशे तीनची? दहा हवीत, कुठल्याही सालाची चालतील, फक्त नऊशे दोनची.

ओब्दुलिया: आहेत. नेमकी दहा निघतील. पण आता ती नुसत्या चांदीच्या भावानं नाही मिळत. शौकीन लोक चांदीच्या तिप्पट देतात.

फिदेन्सिओ: हे घ्या. वाजंत्रीवाल्यांचे पैसे आहेत, मोजू नका, काढा दहा.

ओब्दुलिया: आणि वाजंत्री?

फिदेन्सिओ: मी गाईन! काढा म्हणतो ना!

आम्पारो: गाशील? तू गायलास तर नवरदेव पळून जाईल, म्हाताऱ्या. ठेव ते पाकीट खिशात. नमस्कार, ओब्दुलियाताई.

ओब्दुलिया: ये, बाई. मी नाही सोडत म्हणत होते थैली. ऐकतात कुठे?

आम्पारो: मला माहीत आहे ना. पिशवी हलकी लागली तेव्हाच म्हटलं, हा इथं सापडणार. आठ दिवस कागद कागद करून डोकं उठवलंय.

फिदेन्सिओ: आम्पारो. माझ्याकडे बघून सांग. तू विकलीस?

आम्पारो: विकली.

फिदेन्सिओ: दहा?

आम्पारो: दहा. तीन उरली आहेत, ती पण गरज पडली तर विकेन.

फिदेन्सिओ: नुसतं ‘विकली’ म्हणते! वर मान करून!

आम्पारो: मग काय खाली घालू? मी काय चोरी केली? पन्नास वर्षांपूर्वी पाद्रीबाबांपुढे तू माझ्या ओंजळीत काय ओतलंस?

फिदेन्सिओ: हीच तेरा.

आम्पारो: आणि तोंडानं काय म्हणालास? आठवतंय की मी म्हणून दाखवू?

फिदेन्सिओ: आठवतंय. ‘माझं जे काही आहे ते तुझ्या हवाली करतो, आपलं घर चालावं म्हणून.’

आम्पारो: हवाली केलंस ना? मग मी घर चालवलं. तू समजत होतास, म्हणायला म्हणायचं आणि नाणी आपलीच.

ओब्दुलिया: सगळे तसंच समजतात, बाई. ओततात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, ठेवलीस कुठे.

फिदेन्सिओ: तुम्ही मध्ये बोलू नका हो! आम्पारो, विचारायचंस तरी. मी नाही म्हणालो असतो का?

आम्पारो: नाहीच म्हणाला असतास. वर म्हणाला असतास, ‘मी असताना माझ्या घरात नाणं विकायची वेळ येतेच कशी?’ आणि उपाशी बसला असतास, आम्हाला घेऊन. बासष्ट साली आठ महिने गाड्या बंद होत्या, पगार नाही. रोज ताटात राजमा आणि भाकरी कुठून आली, विचारलंस कधी?

फिदेन्सिओ: तू म्हणालीस, शिवणकाम मिळतंय.

आम्पारो: आठ महिने? पाच माणसांना? तीन नाणी गेली त्यात. एक त्याआधीच गेलं होतं, लेओबार्दोची छाती भरली होती तेव्हा इंजेक्शनं आणली त्याचं. तू तोलुकाला होतास, परत आलास तोवर पोरगं अंगणात खेळत होतं.

फिदेन्सिओ: आणि ऐंशी सालची चार?

आम्पारो: डोक्यावर स्लॅब कुठून आला?

फिदेन्सिओ: तो मी घातला! या हातांनी! आजही सगळ्यांना सांगतो...

आम्पारो: तूच घातलास. सिमेंट आणि सळया नाण्यांच्या होत्या. तू म्हणालास, दुकानदार किती भला माणूस, उधारीचं विचारत नाही. भला कसला, रोख घेऊन बसला होता.

फिदेन्सिओ: म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरलो, आमच्या घराण्यानं कधी कुणापुढे हात पसरला नाही, आजोबांची तेरा जशीच्या तशी आहेत. आणि तू बाजूला बसून ऐकत होतीस. हसत असशील.

आम्पारो: हसले असेन एखाद्या वेळी. पण हात पसरला नाही हे खोटं होतं का? कुणापुढे पसरला? या ताईनं तर मोल दिलं.

फिदेन्सिओ: मला लाज वाटते, आम्पारो. माझा काळा कोट काय, माझी पैज काय. आज त्या बाईसमोर मान खाली घालून सांगायचं, काढा तुमची मखमलीची डबी.

आम्पारो: कशाला? पैज तू कुणाच्या नाण्यांवर लावलीस?

फिदेन्सिओ: म्हणजे?

आम्पारो: माझ्या. मला विचारलं होतंस? ज्याची वस्तू त्यानं पैज लावावी. तुझी पैज फुकट गेली. तोंड बंद ठेवीन म्हणालास तेवढं मात्र पाळ, घरादारावर उपकार होतील.

ओब्दुलिया: हे बाकी खरं बोललीस हो!

फिदेन्सिओ: आणि पोरीच्या ओंजळीत काय ओतायचं? ही शंभरची टिनपाटं?

आम्पारो: हीच. मारिक्रूसला माहीत आहे. मागच्याच महिन्यात तिला बसवून एकेक नाणं हातात देऊन सांगितलंय. तिला पेर्पेतुआबाईंची डबी नको, हीच हवीत. म्हणते, आजी, अडचण आली तर मी पण विकू ना? म्हटलं, न विचारता विक. फक्त तेरा मोजून ठेव.

फिदेन्सिओ: नातीला माहीत. नाणीवालीला माहीत. मीच तेवढा...

आम्पारो: तू गाडी चालवत होतास, म्हाताऱ्या. तुझी नजर रस्त्यावर राहिली म्हणून आम्ही सगळे सुखरूप पोहोचलो. चल, उठ आता. फुलवाली थांबलीय.

ओब्दुलिया: कागद हवा होता ना, दादा? की नको आता?

फिदेन्सिओ: हवाय.

आम्पारो: पुन्हा कागद?

फिदेन्सिओ: खरा लिहा, बाई. नऊशे दोनची तीन, सातशे वीसची चार, पाचशेची दोन, शंभरची चार. खाली तुमची सही. पेर्पेतुआबाईंच्या हातात मी स्वतः देणार. आणि सांगणार, ही माझ्या बायकोची तेरा नाणी, यांच्यावर पाच माणसं जगली आणि एक छप्पर उभं राहिलं. तुमच्या डबीनं काय केलं ते सांगा.

आम्पारो: तोंड बंद ठेवणार होतास.

फिदेन्सिओ: उद्यापासून.

ओब्दुलिया: घ्या. लिहिलं. पैसे नकोत, लग्नाचा आहेर समजा.

फिदेन्सिओ: थांब जरा, आम्पारो. हिशेब जुळत नाही. स्लॅबची चार, गाड्या बंद होत्या तेव्हाची तीन, लेओबार्दोचं एक. आठच झाली.

आम्पारो: एकाच्या पैशांत मी केस कापून घेतले, चकलीसारखे कुरळे करून, आणि मैत्रिणीबरोबर सिनेमा पाहिला. आईसक्रीम पण खाल्लं. त्याची माफी मागायची नाहीये मला.

फिदेन्सिओ: बरं केलंस. ते कुरळे केस आठवतात मला. मी म्हटलं होतं, काय हे डोक्यावर.

आम्पारो: म्हटलं होतंस. मी रात्रभर बोलले नव्हते.

फिदेन्सिओ: नऊ झाली. अजून एक राहिलं.

आम्पारो: ते राहिलेलं नाही. ते सगळ्यात पहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

फिदेन्सिओ: ते कशाला गेलं?

आम्पारो: तुझ्या बुटांना तळ बसवून आणले. दुसऱ्या दिवशी तुला पहिल्यांदा बस मिळणार होती.